गव्हाचं यंत्र, ज्वारीचं रान

मेसमध्ये ज्या दिवशी भाकरी असते त्या दिवशी रांग पार जिन्यापर्यंत येते. पण भाकरीची ज्वारी रानातून काढायची कोणी, हा प्रश्न आमच्या घरी दर फाल्गुनात उभा राहतो. आमची सोलापूरकडची मालदांडी. ताट डोक्याच्याही वर जातं. ते उपटायचं, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची आणि मग मळणी. भर उन्हातल्या या कामाला आता माणसं मिळत नाहीत. म्हणून मागच्या सुगीला वडिलांनी गव्हासाठी गावात आलेलं एक जुनं हार्वेस्टर रानात घातलं.

पहिल्या फेरीनंतर टाकीत हात घातला तर मुठीत फुटक्या दाण्यांची कणी! वडील म्हणाले, "भंगार यंत्र आहे." मला मात्र तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, की दोष यंत्राच्या वयाचा नव्हता. ते गव्हाच्या सेटिंगवर ज्वारी काढत होतं, एवढंच.

फर्स्ट इयरचं गणित लावून पाहा. ६० सेंटिमीटर व्यासाचा मळणी ड्रम मिनिटाला १००० फेरे घेतो, तेव्हा त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ३१ मीटर होतो. ७०० फेऱ्यांना तो २२ वर येतो. वेग उतरला ३० टक्के, पण आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गावर असल्यामुळे ती निम्म्यावर येते. ज्वारीचा दाणा गोल आणि उघडा. वाळलेल्या कणसातून तो सहज सुटतो. त्याला गव्हाएवढा मार कशाला?

आम्ही ड्रायव्हरदादांना विनवून आधी ड्रमचा वेग उतरवला, मग ड्रम आणि खालची जाळी यांतलं अंतर थोडं वाढवलं. दोन्ही एकदम बदललं तर फरक कशाने पडला ते कळत नाही, म्हणून एका वेळी एकच बदल. कणसात दाणे राहायला लागले की एक पाऊल मागे. अर्ध्या तासात टाकीतली कणी बरीच कमी झाली. खर्च शून्य!

मागे किती सांडतं तेही डोळ्यांनी ठरवू नये, मोजावं. हजार दाण्यांचं वजन ३० ग्रॅम धरलं, तर एका चौरस मीटरमध्ये १०० दाणे म्हणजे ३ ग्रॅम. एकरात सुमारे ४००० चौरस मीटर, म्हणजे एकरी १२ किलो ज्वारी मातीत. मात्र चौकट यंत्राच्या पूर्ण रुंदीवर ठिकठिकाणी ठेवून सरासरी काढायची, आणि यंत्र येण्याआधीच गळलेले दाणे त्यातून वजा करायचे. जुन्या यंत्रावर पैसे घालायचेच तर झिजलेल्या मळणीपट्ट्या समोरासमोरच्या जोडीने बदलाव्यात (एकच बदलली तर ड्रम थरथरतो), सैल पट्टे बदलावेत आणि पत्र्याची भोकं बुजवावीत.

हे सगळं जमलं, तरी वडील गप्पच होते. कारण कडबा! यंत्राचं पातं पूर्ण वर उचललं तरी ते कंबर-छातीपर्यंतच जातं. त्यामुळे मालदांडीचं वरचं निम्मं ताट कणसासकट आत गेलं आणि तुकडे होऊन मागे पडलं. हे ओलसर तुकडे चाळण्यांवर बसतात, हा आणखी एक ताप. खालचं ताट चाकांनी तुडवलं. आमच्याकडे कडब्याच्या पेंढ्या शेकड्याच्या भावाने विकल्या जातात, आणि घरच्या बैलांना तर वर्षभर तोच आधार.

अमेरिकेत कॅन्सस-टेक्सासकडे हा प्रश्न उलट्या बाजूने सुटला. तिथे ज्वारी मुख्यतः जनावरांच्या खुराकासाठी पिकते. कंबाइनला जमावं म्हणून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच तिथे बुटक्या जाती निवडल्या गेल्या. म्हणजे त्यांनी पीक यंत्राला जुळवून घेतलं. आपल्याला ते परवडणारं नाही. आपल्याकडे यंत्रानेच पिकाला जुळवून घ्यायला हवं.

म्हणून माझं मत असं की जुन्या हार्वेस्टरचं खरं अपग्रेड पुढच्या टोकाला आहे, इंजिनात नाही. फक्त कणसं खुडणारं, आणखी वर जाणारं एक पातं. आणि खाली, चाकांच्या पुढे, ताटं बुडातून कापून चाकांच्या वाटेबाहेर आडवी पाडणारं दुसरं. सोपं नाही हे. वजन पुढे सरकेल, तोल बिघडेल, उंच ताट हलत असताना कणीस नेमकं पात्यावर आणावं लागेल. पण मग फायनल इयरचा प्रोजेक्ट असतो कशासाठी? सीनिअरची फाईल नवीन कव्हर घालून जमा करायला?

२०२३ साल जगभर भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं. आपल्याकडेही पोस्टर लागली असतील, भाषणं झाली असतील. आमचे वडील मात्र त्या संध्याकाळी बांधावर बसून म्हणाले, "कडबाच नसंल तर ज्वारी कशाला? पुढच्या वर्षी हरभराच पेरू." मेकॅनिकलच्या दोस्तांनो आणि सर, त्यांना द्यायला माझ्याकडे अजून उत्तर नाही. वर्कशॉप आपलं आहे, रान आमचं देतो. येताय का?