लहरी जनतेच्या, परवाने धनदांडग्यांचे : खाजगी एफएमचा हिशेब

हवेतल्या लहरी कोणाच्या मालकीच्या? हा प्रश्न आम्ही युसूफ वडगावातून विचारत आहोत. केज तालुक्यातल्या या गावाला खाजगी एफएमचा आवाज ऐकू येत नाही आणि खाजगी एफएमला या गावाचा. पहिली गोष्ट अंतराची आहे. दुसरी धोरणाची आहे, आणि आमचे भांडण त्या दुसऱ्या गोष्टीशी आहे.

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात निकाल दिला. न्या. पी. बी. सावंत त्या खंडपीठावर होते. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिचे नियमन स्वतंत्र सार्वजनिक प्राधिकरणाने जनहितासाठी करावे, असे न्यायालयाने सांगितले. लहरींवर सरकारची मक्तेदारी नको आणि खाजगी मालकांचीही नको, हा त्या निकालाचा गाभा. प्रत्यक्षात काय झाले? प्राधिकरण आले नाही. परवाने मंत्रालयाच्याच हातात राहिले आणि लिलाव सुरू झाला.

पहिल्या फेरीत ४० शहरांतल्या १०८ वारंवारता विक्रीला निघाल्या. मुंबईतल्या एका वारंवारतेची वर्षाची फी ९.७५ कोटी रुपयांवर गेली, वर दरवर्षी १५ टक्के वाढ. ३ जुलै २००१ ला बंगळुरूत देशातली पहिली खाजगी एफएम वाहिनी सुरू झाली, २००२ मध्ये मुंबईत वाहिन्यांची रांग लागली. थोड्याच दिवसांत मालक ओरडू लागले की फी परवडत नाही. सरकारने लगेच ऐकले. अमित मित्रा समिती नेमली गेली, आणि २००५ च्या दुसऱ्या फेरीपासून ठरावीक फीऐवजी उत्पन्नाच्या ४ टक्क्यांची पद्धत आली. याच फेरीत खाजगी एफएम मराठवाड्यात औरंगाबाद आणि नांदेडला पोहोचले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आणखी २३४ शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. कारण सांगितले मातृभाषेतल्या स्थानिक कार्यक्रमांचे.

स्थानिक म्हणजे काय, हे आता नीट बघा. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्यास बंदी आहे. आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे लावता येते. हवामान, वाहतूक, परीक्षांचे निकाल सांगता येतात. पण आपल्या जिल्ह्यात काय घडले, हे स्वतः शोधून सांगता येत नाही. या बंदीविरुद्ध २०१३ मध्ये 'कॉमन कॉज' संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. २०२३ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने तासाला १० मिनिटे बातम्यांना परवानगी देण्याची शिफारस केली. बंदी मात्र उठली नाही. मालकाची तक्रार दोन-चार वर्षांत सुटते आणि श्रोत्याचा हक्क वीस-पंचवीस वर्षे लटकतो, याला धोरण म्हणायचे की पक्षपात?

आमच्या बीड जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याचा प्रश्न राज्यभर गाजला. सरकारी समितीच्या पाहणीत ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. टीव्हीवाल्यांना ही बातमी देता आली, वर्तमानपत्रांना छापता आली. ज्या माध्यमाला अक्षरओळख लागत नाही, जे कोप्यावर बसून, भाकरी थापता थापता ऐकता येते, त्या माध्यमातल्या खाजगी वाहिनीने ही बातमी स्वतः दिली असती तर परवाना धोक्यात आला असता. टीव्हीला मुभा आणि रेडिओला बंदी, याचा अर्थ गरिबाच्या कानाचीच भीती वाटते.

कोणी म्हणेल, रेडिओ हा करमणुकीचा धंदा आहे, त्यात राजकारण कशाला आणता? आमचे उत्तर सोपे आहे. धंदा जरूर करा, पण तो जनतेच्या मालमत्तेवर चालतो हे विसरू नका. दुसरा कोणी म्हणेल, आता हातोहाती मोबाईल आहे, रेडिओ कोण ऐकतो? मग २०२४ मध्ये ७३० वाहिन्या कोणासाठी काढल्या? आणि मोबाईलवर तरी काय दिसावे, हे दूरची कंपनीच ठरवते. मालक बदलला, मालकी आपल्याकडे आली नाही.

माध्यमाची मालकी म्हणजे काय, हे बाबासाहेबांनी अनुभवले होते. १९२० मध्ये 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला. बाबासाहेब विनवण्या करत बसले नाहीत, त्यांनी स्वतःचे पत्र चालवले. रेडिओचे मोलही त्यांनी ओळखले होते. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरून बोलताना त्यांनी सांगितले की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, तर बुद्धाच्या शिकवणीतून घेतली. असा विचार आज दोन जाहिरातींच्या मधे पाच मिनिटे तरी लागेल का?

म्हणून मार्ग आहे सामुदायिक रेडिओचा. २००६ पासून नोंदणीकृत सामाजिक संस्थांनाही त्याचा परवाना मिळू शकतो, त्यासाठी लिलाव होत नाही. तेलंगणातल्या जहिराबादजवळ १५ ऑक्टोबर २००८ ला 'संगम रेडिओ' सुरू झाला. निजामाच्या राज्यात तो भाग आणि आपला मराठवाडा एकत्रच होते. ते केंद्र दलित महिला चालवतात. बियाणे, शेती, आजारपण, सण, गाणी, सगळे त्यांच्याच बोलीत. त्यांना कोणत्याही जाहिरात कंपनीने आवाज दिला नाही, त्यांनी तो घेतला. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची 'माणदेशी तरंग वाहिनी'ही अशीच उभी राहिली.

तरुण मित्रांनो, जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत उडणारा पैसा आणि सामुदायिक रेडिओच्या ट्रान्समीटरसाठी लागणारा पैसा यांचा हिशेब एकदा प्रत्येक मंडळाने मांडावा. डीजेचा आवाज सकाळी विरतो. केंद्र उभे राहिले तर दहा-पंधरा किलोमीटरच्या टापूत रोज आपल्या माणसांचा आवाज जाईल. शिष्यवृत्तीच्या तारखा, रोजगार हमीचे नियम, मुकादमाच्या उचलीचा हिशेब, अॅट्रॉसिटी कायद्याची माहिती आणि वामनदादांची गाणी त्यावरून देता येतील.

आमच्या मागण्या तीन. खाजगी आणि सामुदायिक, दोन्ही रेडिओंवरची बातमीबंदी उठवा. १९९५ च्या निकालाप्रमाणे स्वतंत्र प्राधिकरण नेमा. आणि लिलावाच्या उत्पन्नातला वाटा अनुसूचित जाती, जमाती, भटक्या-विमुक्तांच्या संस्थांच्या रेडिओ केंद्रांसाठी राखून ठेवा.

लहरी आपल्या आहेत. फुकट ऐकायला मिळते म्हणून गप्प बसणे म्हणजे आपलीच जमीन दुसऱ्याला कसू देऊन बांधावर टाळ्या वाजवणे. आता बोलायचा हक्क मागू या.

जय भीम!