तीन लाखांना गर्दी म्हणू नका

ऐतिहासिक चित्रपट नायकच तारतो, बाकीचे सगळे भरतीचे, असं मत वारंवार कानावर येतं. रिचर्ड ॲटनबरोंच्या 1982च्या ‘गांधी’बद्दल तर हमखास. बेन किंग्सलेंची थोरवी कोण नाकारील? पण म्हणून इतरांना भरतीचे म्हणणं मला साफ नामंजूर आहे.

रोहिणी हट्टंगडींची कस्तुरबा पाहा. आश्रमात संडास साफ करायला ती नकार देते आणि गांधी तिला दाराबाहेर ढकलू लागतात. महात्म्याचा दुराग्रह आपल्याला कळतो तो तिच्या चेहऱ्यावरून. तिचा संताप खरा वाटला नसता, तर त्यांचा पश्चात्तापही पोकळ ठरला असता. ओम पुरींचा दंगेखोर एकाच प्रसंगापुरता येतो. उपोषणाने खंगलेल्या गांधींच्या अंगावर रोटी फेकतो, एका मुलाचा जीव घेतल्याची कबुली देतो. अहिंसेवरची दहा भाषणं त्या थरथरत्या माणसापुढे फिकी पडतात. श्रीराम लागूंचे गोखलेही असेच, थोडक्या वेळात मनात ठसणारे.

नावाजलेल्या नटांचं ठीक, पण गर्दीत कसली कला, असा पुढचा आक्षेप. चित्रपटातली गांधींची अंत्ययात्रा दिल्लीत 31 जानेवारी 1981 रोजी चित्रित झाली, खऱ्या अंत्ययात्रेला बरोबर 33 वर्षं झाली त्या दिवशी. तीन लाखांच्या आसपास माणसं जमली, त्यांतली बहुतेक आपणहून आलेली. पडद्यावर उरली जेमतेम दोन मिनिटं. हा शोक त्यांना कुणी शिकवायला नको होता. घराघरांत ती आठवण जिवंत होती. आज संगणकावर दहा लाख माणसं उभी करता येतील, पण त्यांच्यापाशी अशी आठवण कुठून आणणार?

इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवकडच्या माणसाला हे पटायला अवघड जाऊ नये. उजनी धरणाचं पाणी ओसरलं की त्यात बुडालेल्या पळसनाथाच्या देवळाचं शिखर पाहायला लोक लांबून येतात, फोटो काढतात. त्याच पाण्याखाली ज्यांची घरं आणि रानं गेली, त्यांची विचारपूस कितीजण करतात?

सगळ्यांना सारखा वेळ द्या, असं माझं म्हणणं नाही. तसं केलं तर गोष्टच हरवेल. पण इंदापूर-बारामतीच्या शाळांत 2 ऑक्टोबरला ‘गांधी’ दाखवाल, तेव्हा श्रेयनामावली सुरू होताच पडदा बंद करू नका. मुलांना ती वाचू द्या. कोल्हापूरच्या भानू अथय्यांचं नावही तिथेच आहे. याच चित्रपटाच्या वेशभूषेसाठी त्यांनी भारताला पहिलं ऑस्कर मिळवून दिलं.