चालते दुकान का विकले जाते?

तोट्यातले दुकान विकावे लागते, हे पाचगणीच्या बाजारपेठेतील कोणताही वाणी सांगेल. पण चालते दुकान कोण विकतो? २००३ साली भारतात आलेल्या ‘मेट्रो’ या जर्मन घाऊक विक्री कंपनीने नेमके तेच केले. किराणा दुकानदार व उपाहारगृहे ही तिची मुख्य गिऱ्हाइके. धंदा वाढता व नफ्याचा असल्याचे ती स्वतःच सांगत होती. तरीही डिसेंबर २०२२ मध्ये तिने येथील ३१ दुकाने २,८५० कोटी रुपयांना रिलायन्सला देण्याचा करार केला.

भांडवल आजच्या गल्ल्यावर नव्हे, उद्याच्या नफ्यावर नजर ठेवते. मोबाइलवरून होणारी खरेदी आणि मूठभर उद्योगसमूहांची आवळत जाणारी पकड यांपुढे टिकायचे, तर आणखी पैसा ओतणे आले. त्यापेक्षा किंमत येते आहे तोवर विकावे, हा सरळ हिशेब.

अशी निघून जाण्याची मुभा भांडवलाला असते. दुकानातील नोकराला, गावच्या वाण्याला, स्ट्रॉबेरी पिकविणाऱ्या शेतकऱ्याला नसते. बाजारात बडे व्यापारी जितके कमी, तितका भाव त्यांच्याच मर्जीचा. म्हणून दुकानदारांचे व शेतकऱ्यांचे सहकारी खरेदी-विक्री संघ पुन्हा उभे करणे, हे आज कार्यकर्त्यांपुढील काम आहे.