ताब्याची नोटीस लागलेले घर

निपाणीच्या एका भगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आले. त्यांच्या गल्लीतील एका घराच्या दारावर बँकेने ताब्याची नोटीस डकवली आहे. घरमालक व्यापारात बुडाले, कर्जाचे हप्ते दोन वर्षे थकले. लिलावाची जाहिरात मात्र अद्याप आलेली नाही. घर चांगले आहे आणि भगिनींच्या धाकट्या मुलाच्या संसाराला जागा हवीच आहे. यजमानांचे म्हणणे असे की, आता घाई करू नये. लिलाव पुकारला की निम्म्या किमतीत मिळेल. भगिनी लिहितात, "त्या घरच्या वहिनींच्या हातचे हळदीकुंकू मी वीस वर्षे लावून घेतले आहे. लिलावात बोली लावायला मन धजत नाही; पण कोणीतरी ते घेणारच, मग आपण का सोडावे, असेही वाटते. काय करावे?"

अडलेल्याचे घर घेतले तर त्याचा तळतळाट लागतो, असे आपल्याकडे जुनी माणसे म्हणत. माझा त्यावर विश्वास नाही. परंतु ज्याला आपण तळतळाट म्हणतो त्यातील बराचसा भाग कोर्टाच्या तारखा, थकलेली बिले आणि न मिळणारा ताबा यांच्या रूपाने घेणाऱ्याच्या उंबरठ्याशी येऊन बसतो, हे मात्र मी घरातच पाहिले आहे.

प्रथम कायद्याचे थोडे सांगते. कर्ज थकले की बँकेला दिवाणी दावा न लावता तारण घर विकता येते, ते २००२ च्या कायद्याने. त्याला सगळे 'सरफेसी' म्हणतात. आधी साठ दिवसांची मागणी नोटीस, मग ताब्याची नोटीस, मग लिलावाची जाहिरात, असा हा क्रम आहे. सहकारी बँकांना हा कायदा लागू पडतो की नाही, हा वाद बरीच वर्षे चालला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ५ मे २०२० रोजी 'लागू पडतो' असा निर्णय दिला. आणि तो खटला होता आपल्या निपाणीच्या शेजारच्या मुरगूडमधील एका सहकारी बँकेचा! पतसंस्था आणि सौहार्द सोसायट्या मात्र बँका नव्हेत. त्यांची वसुली सहकार कायद्याखालच्या निवाड्याने होते आणि तिची वाट निराळी असते. म्हणून नोटीस कोणाची आहे, कोणत्या कायद्याखालची आहे, हे आधी वाचावे.

माझ्या भाच्याने सहा-सात वर्षांपूर्वी बेळगावात वडगाव भागात एका विणकराचे घर लिलावात घेतले. बाजारभावापेक्षा किंमत बरीच कमी, बँकेचे विक्रीपत्र, सारी रक्कम पांढऱ्यात; 'वरचे' काही देण्याची भानगड नाही. हे लिलावाचे गुण खरेच आहेत आणि ते मी नाकारत नाही. पण त्या जाहिरातीत एक ओळ असते, ती त्याने वाचूनही वाचली नाही. "जसे आहे, जेथे आहे, जे काही आहे" त्या स्थितीत विक्री! या एका ओळीत बँक आपले हात झटकून मोकळी होते.

बोलीआधी अनामत भरली होती. बोली लागली तशी चौथाई रक्कम त्याच दिवशी, फार तर कामकाजाच्या पुढच्या दिवशी पुरी करायची आणि बाकीची विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत. बँकेने लेखी मान्य केले तर मुदत वाढते, तीही तीन महिन्यांपलीकडे नाही. चुकले तर भरलेली रक्कम जप्त; आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही जप्ती योग्यच ठरवली आहे. घरासाठी कर्ज काढणाऱ्याला ही मुदत फार अपुरी पडते. भाच्याने वहिनीचे दागिने गहाण टाकून वेळ निभावली.

पैसे भरले, विक्रीपत्र हाती आले, आणि तेव्हा समजले की बँकेकडे होता तो ताबा केवळ कागदावरचा. खाली माग चालू होता, वर माणसे राहत होती. मालकाने कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज केला. ते न्यायाधिकरण बंगळुरूला! सोळा महिने भाचा एका हाताने भाड्याच्या खोलीचे भाडे आणि दुसऱ्या हाताने नव्या घराच्या कर्जाचा हप्ता भरत होता. शेवटी जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने, पोलिसांच्या बंदोबस्तात ताबा मिळाला. त्या दिवशी मालकाच्या वृद्ध आईने एवढेच विचारले, "तुळस नेऊ ना?" भाचा म्हणाला, "आजी, न्या." तो प्रसंग सांगताना तो आजही मध्येच थांबतो. शिवाय हेस्कॉमची थकबाकी त्यालाच भरावी लागली. नियमांत तशी तरतूद असेल, तर जुनी बाकी भरल्याशिवाय नवी वीजजोडणी देण्याचे नाकारता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने पुढे २०२३ मध्ये सांगितले. हा सारा खर्च मिळवला तेव्हा स्वस्ताई निम्म्याने उरली होती.

आता दुसरी वाट. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांनी 'शॉर्ट सेल' हा शब्द ऐकला असेल. २००८ च्या सुमारास तिकडे घरांच्या किमती कोसळल्या, तेव्हा कर्जाहून कमी किमतीला घर विकायला बँका संमती देत आणि उरलेल्या रकमेचे काय ते ठरवून घेत. आपल्याकडे याच्या जवळची गोष्ट म्हणजे एकरकमी तडजोड. मालक स्वतः ग्राहक आणतो, बँक ठराविक रकमेवर समाधान मानते, ग्राहक पैसे थेट कर्जखात्यात भरतो, बँक बोजा उतरवते आणि मालक स्वतःच्या सहीने खरेदीखत करून किल्ली देतो.

यात दोन खाचा आहेत. मागणी नोटीस मिळाल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीवाचून मालकाला ते घर विकता येत नाही. तेव्हा मालक कितीही भला असला, तरी बाँडवर लिहून इसार देणे म्हणजे पैसे विहिरीत टाकणे होय. दुसरी खाच तारखेची. पूर्ण रक्कम भरून घर सोडवण्याचा कर्जदाराचा हक्क २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तेच पक्के केले. कर्जापेक्षा कमी रकमेवर तडजोड करणे तर सर्वस्वी बँकेच्या मर्जीवर आहे. ती हक्काने मागता येत नाही. म्हणून या भगिनींचे यजमान ज्या जाहिरातीची वाट पाहत आहेत, ती निघाल्यावर ही दुसरी वाट बहुधा बंद होणार आहे.

बँकेच्या पत्रात तीन गोष्टी स्वच्छ लिहिलेल्या असाव्यात: रक्कम किती, ती कोणत्या तारखेपर्यंत भरायची, आणि ती भरल्यावर त्या घरावर बँकेचा कोणताही हक्क उरणार नाही. शाखेतल्या साहेबांचे तोंडी आश्वासन येथे कामाचे नाही. कर्ज पूर्ण मिटल्यावर मूळ कागद तीस दिवसांत परत करावेत, उशीर केल्यास दिवसाला पाच हजार रुपये द्यावेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. त्यावर मालकाने आग्रह धरावा. दुसऱ्या एखाद्या बँकेचा बोजा आहे का, तेही पाहावे. भारपत्रात, म्हणजे ज्याला सगळे ईसी म्हणतात त्यात, कागद ठेवून काढलेले कर्ज दिसेलच असे नाही. तारणांच्या केंद्रीय नोंदवहीत, 'सेरसाय'मध्ये, थोडी फी भरून शोध घेता येतो.

आता आपल्या सीमाभागाची खास अडचण. १९५६ पूर्वीचे कागद मराठीत, क्वचित मोडीत, त्यानंतरचे कानडीत. आपल्यापैकी अनेकांना कानडी बोलता येते, पण खरेदीखताची कानडी वाचणे निराळे. मग दलाल बोटाने दाखवतो आणि आपण मान हलवतो! चार पैसे खर्चून सारे कागद मराठीत लिहून घ्यावेत आणि मगच सही करावी. वडिलार्जित घर असेल तर मालकाच्या बहिणी कोठे दिल्या आहेत, हेही विचारावे. कोल्हापूर-इचलकरंजीला नांदणाऱ्या बहिणींचाही घरात वाटा असू शकतो. कर्नाटकात मुलींना वडिलार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हक्क देणारी दुरुस्ती १९९४ पासूनच आहे. आणि घर बिनशेती झालेल्या जागेवर आहे ना, त्याचे ई-खाते आहे ना, हे तपासल्याशिवाय पाऊल पुढे टाकू नये.

तडजोडीत घर लिलावाइतके स्वस्त मिळणार नाही, हे मी त्या भगिनींना स्पष्ट लिहिले. शिवाय कर्नाटकातील नोंदणी शुल्क ३१ ऑगस्ट २०२५ पासून एक टक्क्याचे दोन टक्के झाले आहे, तेही हिशेबात धरावे लागेल. तरीही माझे मत लिलावाची वाट न पाहता आजच शेजारी जाऊन बोलावे असेच पडले. घर फिरले की वासेही फिरतात म्हणतात. अशा वेळी सरळ विचारणारा माणूस मालकालाही हवा असतो, फक्त तो आपण होऊन दार ठोठावत नाही.

हे लिहीत असतानाच त्यांचे दुसरे पत्र आले. पहिल्या दिवशी वहिनींनी दार उघडले नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या आपण होऊनच आल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यानंतर दोघींचे यजमान मिळून बँकेत जाऊन आले. अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे, बँकेचे पत्र अजून यायचे आहे.