नाकारलेले बियाणे

शेतीवरच्या कोणत्याही चर्चासत्रात दुपारपर्यंत एक वाक्य येतेच: संशोधन भरपूर झाले आहे, पण ते शेतकऱ्यापर्यंत पोचत नाही, आणि पोचले तरी तो ते घेत नाही. हे मी इतक्या वेळा आणि इतक्या भल्या माणसांच्या तोंडून ऐकले आहे की त्याचा प्रतिवाद आता लेखी केला पाहिजे. बोलणाऱ्याच्या मनात तुच्छता नसते, कळकळच असते. त्या कळकळीमुळेच त्याला कुणी हरकत घेत नाही, आणि ते खरे मानून योजना आखल्या जातात, पैसे खर्च होतात, प्रशिक्षणे होतात.

पुरावा म्हणून रब्बी ज्वारी पुढे केली जाते. तो पुरावा वरवर पाहता भक्कम आहे, म्हणून तो आधी नीट मांडतो. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३०च्या दशकात स्थानिक मालदांडी ज्वारीतून एक वाण निवडले गेले. त्याचे सरकारी नाव एम ३५-१. लोकांच्या तोंडी ती मालदांडीच राहिली. त्यानंतर देश स्वतंत्र झाला, राज्यात चार कृषी विद्यापीठे निघाली, १९७२मध्ये हैदराबादजवळ पाटणचेरूला कोरडवाहू पिकांसाठी इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. रब्बीसाठी सीएसएच-८ आर, सीएसएच-१५ आर असे एकामागून एक संकरित वाण निघाले. तरीही मंगळवेढा, बार्शी, जामखेड, बीड या पट्ट्यात आश्विनात पाभर चालली की नळ्यातून मालदांडी किंवा तिच्याच गोतातली ज्वारी पडते. सरासरी उत्पादन हेक्टरी दहा क्विंटलच्या आतच घुटमळते. मग शेतकरी बदलायला तयार नाही, असे म्हटले तर चुकले कुठे?

चुकले ते खरिपात. मराठवाड्यात कितीतरी शेतकरी दोन्ही हंगामांत ज्वारी करत. १९६४मध्ये सीएसएच-१ हे देशातले पहिले संकरित ज्वारीचे वाण आले आणि पुढच्या वीसेक वर्षांत खरिपाच्या ज्वारीत संकरितांनी जुन्या वाणांना जवळपास हुसकावून लावले. गावात ‘हायब्रीड’ हा शब्द ज्वारीचाच पर्याय झाला. ती ज्वारी लवकर पक्व होई, परतीच्या पावसात सापडे, दाणा काळा पडे, भाकरीला चव नसे. हे सगळे माहीत असूनही शेतकऱ्याने ती पेरली, कारण पदरात दुप्पट माल पडत होता. पुढे सोयाबीन आले तेव्हा त्याच शेतकऱ्याने हायब्रीडही सोडले. कपाशीत २००२ साली बीटी वाणांना परवानगी मिळाली आणि दहा वर्षांत देशातले नव्वद टक्क्यांहून अधिक कापूसक्षेत्र त्याखाली गेले. बीटीचे पुढे काय झाले हा वेगळा वाद आहे. बदलाला नाखूष माणसे इतक्या वेगाने बदलत नाहीत, एवढेच येथे पुरेसे आहे.

म्हणजे माणूस तोच, गाव तेच, शिक्षण तेवढेच, कृषी सहायकही तोच. त्याने खरिपात संकरित ज्वारी घेतली आणि रब्बीत नाकारली. अज्ञान हंगामागणिक बदलत नाही. तेव्हा कारण बियाण्यात शोधले पाहिजे.

आणि ते तिथे सापडते. रब्बीची ज्वारी पावसावर येत नाही. पाऊस संपताना जमिनीने जी ओल धरून ठेवली असेल तिच्यावर येते. उत्तरा-हस्ताच्या सुमारास पेरायचे आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत त्या ओलीवर पीक ओढून न्यायचे. पेरल्यावर पहिला घाला खोडमाशीचा. पोंगा मेला की ताट गेले. मालदांडी हा घाला बऱ्यापैकी सोसते. अनेक संकरितांना तो सोसवला नाही. पुढे फुलोरा येतो तो ऐन थंडीत, आणि थंडी कडक पडली की काही संकरित वाणांची कणसे नीट भरत नसत. त्यातून निभावले तर शेवटी ओल संपत येते तेव्हा खडखड्या गाठतो, ताट आतून पोकळ होऊन आडवे पडते. जास्त दाणा भरणाऱ्या ताटाला त्याचा धोका अधिक, कारण दाणा भरायला लागणारे सत्त्व ते खोडातूनच ओढते.

आता कडबा. प्रयोगाच्या तक्त्यात दाण्याचे क्विंटल आधी मोजले जातात, कडब्याचा स्तंभ बाजूला असतो. शेतकऱ्याच्या हिशेबात तो बाजूला नाही. मालदांडीचा कडबा बैल आणि म्हैस आवडीने खाते. बुटक्या, जाड धाटाच्या संकरिताचा कडबा जनावर चघळून टाकते. दुष्काळी वर्षी कडब्याचे पैसे दाण्याच्या बरोबरीने होतात, कधी त्याहूनही जास्त, आणि घरात वैरण असली तर जनावर विकावे लागत नाही. ज्याने १९७२च्या दुष्काळाच्या आठवणी घरात ऐकल्या आहेत त्याला यातले काही समजावून सांगावे लागत नाही.

उरली भाकरी. पिठाला विरी असली तर भाकरी थापताना कडा फुटत नाहीत, तव्यावर पापुद्रा सुटतो, संध्याकाळची भाकरी सकाळी मऊ लागते. मालदांडीचा टपोरा, मोतिया दाणा या सगळ्याची हमी देतो. बाजारही हे ओळखतो, आणि सरकारही. केंद्राच्या हमीभावाच्या यादीत ज्वारीच्या दोन वेगळ्या ओळी असतात. २०२४-२५ साठी संकरित ज्वारीला क्विंटलला ३३७१ रुपये आणि मालदांडीला ३४२१ रुपये जाहीर झाले. पन्नास रुपयांचा फरक हा त्या दाण्याचा अपमानच आहे. पण ज्या सरकारची यंत्रणा हा शेतकरी बदलत नाही म्हणते, त्याच सरकारने त्याची निवड दरपत्रकात मान्य केली आहे.

म्हणून माझे म्हणणे असे आहे: शेतकऱ्याने नाकारलेले बियाणे हा प्रयोगाचा निकाल आहे. तो हजारो रानांत, वेगवेगळ्या मातीत, वर्षानुवर्षे, स्वतःच्या पैशाने केलेल्या चाचणीचा निकाल आहे. कोणत्याही केंद्राला इतकी मोठी चाचणी परवडली नसती. तो निकाल नोंदवायचा सोडून आपण त्याला ‘विस्ताराचे अपयश’ म्हणतो आणि त्याच बियाण्याची आणखी प्रात्यक्षिके घेतो.

इथपर्यंत वाचून काही मित्र टाळ्या वाजवतील. त्यांचाही मला प्रतिवाद करायचा आहे. त्यांचे म्हणणे असे की पारंपरिक ज्ञान पुरेसे आहे, प्रयोगशाळा आणि विद्यापीठे ही शेतकऱ्यावर लादलेली गोष्ट आहे, बियाणे जपले की काम झाले. बियाणे जपलेच पाहिजे. पण ज्या मालदांडीची शपथ ते घेतात ती रानातून जशीच्या तशी आलेली नाही. स्थानिक ज्वारीतली शेकडो कणसे तपासून, वेगळी पेरून, पुन्हा निवडून मोहोळच्या केंद्राने ती दिली. ते केंद्र सरकारी होते, तेही इंग्रजी अमलातले. त्याच काळात, १९३३पासून, सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले आणि कानिटकरांसारख्या शास्त्रज्ञाने ओल कशी टिकवावी यावर वर्षानुवर्षे काम केले. जिराईत रानाच्या हितासाठी सार्वजनिक पैशातून चिकाटीने केलेले संशोधन काय देऊ शकते, याचे मालदांडीइतके चांगले उदाहरण मला माहीत नाही.

दुसरे उदाहरण भाताचे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले, दीड एकराचे धनी. १९८३मध्ये त्यांना पटेल-३ या भाताच्या पिकात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला ठेवल्या, वर्षानुवर्षे वेगळ्या पेरल्या, निवडल्या, आणि त्यातून बारीक दाण्याचे, चांगल्या उताऱ्याचे वाण उभे केले. त्या वेळी प्रतिष्ठेच्या असलेल्या मनगटी घड्याळावरून त्याचे नाव एचएमटी पडले आणि ते कितीतरी राज्यांत पेरले गेले. विद्यापीठांची गरज नाही हे सांगायला ही कथा वापरली जाते. पण पटेल-३ हे मूळ वाण जबलपूरच्या कृषी विद्यापीठातले होते. शास्त्रज्ञाने दिलेल्या पिकात शेतकऱ्याच्या डोळ्याने पुढचे पाऊल पाहिले. पुढे अकोल्याच्या विद्यापीठाने त्याचे शुद्ध केलेले रूप स्वतःच्या नावाने प्रसारित केले, आणि श्रेय कुणाचे, मोबदला कुणाला, हा प्रश्न दादाजींना जून २०१८मध्ये मृत्यू येईपर्यंत सुटला नाही. संशोधनाची ही साखळी दोघांच्या हातांची होती. तिच्यातून एका हाताचे नाव गळले. दुरुस्ती करायची ती इथे. वाणांच्या आणि शेतकऱ्यांच्या हक्काचा कायदा २००१पासून आहे; शेतकऱ्याला त्याखाली स्वतःचे वाण नोंदवता येते. विद्यापीठांनी हे काम आपले मानून गावात जाऊन नोंदणी करून द्यावी.

चांगले काही घडतच नाही असे नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने रब्बी ज्वारीत जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण दिले: हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. ही विभागणी शेतकऱ्याच्या बोलण्यातली आहे. बांधावर उभा राहून तो आपले रान असेच सांगतो. हुरड्यासाठी फुले उत्तरा आणि नागपंचमीच्या लाह्यांसाठी फुले पंचमी दिली, म्हणजे ज्वारी कशासाठी खाल्ली जाते हेही कुणीतरी विचारले. जिथे विचारले गेले तिथे वाण रानात गेले. मी ज्याला संशोधन म्हणतो ते हेच आहे, आणि त्यासाठी आज देतो त्याहून अधिक पैसा दिला पाहिजे.

कारण काम फार बाकी आहे. १९८०च्या दशकात महाराष्ट्रात साठ लाख हेक्टरांहून अधिक ज्वारी होती. आज ती त्याच्या निम्म्याहून बरीच खाली आहे. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाले, फलक लागले, शहरातल्या दुकानात ज्वारीची बिस्किटे आली. रेशनवर मोफत गहू-तांदूळ मिळत असताना ज्वारी का करावी, याचे उत्तर त्या फलकांवर नव्हते. आणि एक गोष्ट तर कुणी फारशी बोलतच नाही. सोलापुरी भागात ही ज्वारी अजून हाताने उपटून काढतात. मार्चच्या उन्हात तडकलेल्या काळ्या रानातून ताट मुळासकट ओढायचे, त्याने हात सोलतात, कंबर मोडते. काम बहुतेक बायांचे. मजूर मिळत नाही म्हणून लोक ज्वारी सोडत आहेत. दाणा काढून कडबा अखंड ठेवणारे, पाच एकरवाल्याला परवडणारे यंत्र गावोगाव दिसायला हवे होते. संकरित वाणांवर घातलेल्या वर्षांतली काही वर्षे त्याला मिळाली असती तर या पिकाचे चित्र आज निराळे असते.

नवे वाण प्रसारित करण्यापूर्वी समिती बसते, तक्ते पाहते, निर्णय देते. त्या तक्त्यात दाण्याच्या शेजारी, तितक्याच जाडीच्या अक्षरात, कडबा आणि विरी हे दोन स्तंभ हवेत. चाचणीतली निम्मी राने पाणी-खताची सोय नसलेली, शेतकऱ्याच्या ताब्यातली हवीत. आणि समितीच्या बैठकीत परातीत त्या वाणाचे पीठ घेऊन तिथेच भाकरी थापणारी एक बाई हवी, जिचे मत इतिवृत्तात तिच्या नावासकट लिहिले जाईल.