भरीत, भाकरी आणि गार शिराझ

लाल वाइन थंड करायची नसते, ती रूम टेम्परेचरलाच प्यायची, हे वाक्य मला जवळजवळ प्रत्येक वाइनप्रेमी माणसाने ऐकवलं आहे. हा नियम ज्या देशांत जन्मला तिथली रूम म्हणजे जाड दगडी भिंतींची, सोळा-सतरा अंशांची खोली. भिवंडीजवळच्या आमच्या शेलारला मे महिन्यात खोलीतला पारा पस्तिशीकडे झुकलेला असतो. यंत्रमागाच्या शेडमध्ये तर विचारूच नका, आणि कामवारी नदीवरून येणारा वाराही चटका देऊन जातो. अशा हवेत लाल वाइन कपाटातून काढून तशीच ओतली, तर नाकात आधी मद्यार्काचा भपकारा शिरतो, फळाचा वास कुठल्या कुठे जातो आणि पहिल्याच घोटाला माणूस ठरवून टाकतो की हे काही आपल्यासाठी नाही. माझं आग्रहाचं सांगणं आहे, की उन्हाळ्यात लाल वाइन बिनदिक्कत फ्रिजमध्ये ठेवा. आपल्याकडच्या उकाड्यात दीड-दोन तास तरी लागतात. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी घालून बाटली मानेपर्यंत बुडवा, पाव तासात काम होतं. नुसत्या बर्फात खोचून भागत नाही, पाणी हवंच, कारण बाटलीला सगळीकडून भिडतं ते पाणी.

मात्र अगदी दातखिळी बसेल इतकी गार नको. चौदा-पंधरा अंशांवर हलक्या अंगाची लाल वाइन मोकळी होते, त्याखाली गेली की तिचा तुरटपणा अंगावर येतो. हा तुरटपणा म्हणजे टॅनिन. जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते ना, अगदी तसाच. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षं दाबून रस आधी वेगळा काढतात, लाल वाइनचा रस मात्र सालीबियांसकट आंबवतात, त्यामुळे रंगही सालीतून येतो आणि तुरटपणाही. लाकडी पिंपात मुरवलेली, दाट, महागडी वाइन गार केली की कडू लागते. स्वस्त, ताजी, पिंपाचं तोंड न पाहिलेली वाइन गार केली की खुलते. उन्हाळ्यात खिसा आणि जीभ दोघांचं एकमत होतं, याचा मला फार आनंद वाटतो.

आता जेवणाकडे येते, कारण माझा खरा जीव तिथे आहे. वाइनबद्दल आपल्याकडे जे काही छापून येतं त्यात चीज, पास्ता, स्टेक यांचीच वर्दळ. जणू वाइन प्यायची तर आधी आपलं ताट बदलायला हवं. मला हे मुळीच मान्य नाही. आमच्या आगरी घरात उन्हाळ्याच्या रात्री जे रांधलं जातं त्यातल्या निम्म्या गोष्टींशी लाल वाइनचं उत्तम जमतं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, शेवग्याच्या शेंगा, वांग्याचं भरीत, रविवारी मटण. यातलं काय कशाबरोबर, एवढंच पाहायचं.

सगळ्यात वरचा मान मी भरिताला देते. वांगं मोठं, जांभळं, हाताला हलकं लागणारं घ्यायचं, जड वांग्यात बिया फार. बोटाने तेल चोळून, सुरीने दोन चिरा देऊन ते थेट जाळावर ठेवायचं. साल फुगते, मग तडतडून फुटते, आणि आतून आलेलं पाणी बर्नरवर पडून चुरचुरतं. त्याच जाळावर दोन मिरच्या आणि लसणाचा अख्खा गड्डा भाजून घ्यायचा. साल काढताना वांगं नळाखाली धरू नका, धूर वाहून जातो. करपलेले दोन-चार तुकडे आत राहिले तर राहू द्यावेत. मिरची-लसूण मिठाबरोबर ठेचून त्यात घालायचा, कच्चा कांदा बारीक चिरून, वर चमचाभर कडकडीत तापवलेलं तेल. यात ना टोमॅटो ना गरम मसाला. अशा भरिताचा एक घास भाकरीबरोबर खाल्ला आणि वर शिराझ या काळ्या द्राक्षाच्या गार लाल वाइनचा एक घोट घेतला, की वांग्याचा धूर आणि वाइनमधला काळपट फळांचा वास एकमेकांत मिसळतात. मीठ टॅनिनचा कडवटपणा दाबतं, तेल जिभेला अस्तर घालतं, आणि जी वाइन नुसती प्यायली असती तर जराशी उग्र वाटली असती ती एकदम मऊ होते. साध्या वाइनला साध्या जेवणाची गरज असते ती अशी.

शिराझबद्दल आणखी एक गोष्ट. तिच्यात मिरपुडीचा वास येतो असं वाइनची चव घेणारे फार पूर्वीपासून म्हणत आले. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्यामागचा रेणू शोधून काढला. त्याचं नाव रोटंडोन, आणि काळ्या मिरीचा वासही त्याचाच. त्यामुळे मिरी घातलेल्या सुक्या मटणाबरोबर शिराझ का जमते, याचं कोडं उरत नाही. पण मटणाच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. आपला आगरी मसाला तिखट. मद्यार्क मिरचीची आग भडकवतो, तुरटपणा तिच्यात भर घालतो. झणझणीत रस्सा आणि चौदा टक्के मद्यार्काची वाइन एकत्र आली तर तोंडाची भट्टी होते. मी त्या दिवशी तिखट बेताचं ठेवते आणि खोबरं-कांद्याचं वाटण वाढवते. घरातल्यांना रस्सा जाळच हवा असेल तर सरळ वाइनचा नाद सोडून सोलकढी करते. सोलकढीच्या जागी वाइनला बसवायची ओढाताण कशाला?

वालाचं बिरडं मला बरीच वर्षं अवघड वाटायचं. कडव्या वालाला स्वतःचा कडवटपणा आहे, त्यावर तुरट वाइन म्हणजे कडू अधिक कडू. पण आमसूल आणि गुळाने तो कडवटपणा ताब्यात आला, वर ओलं खोबरं पडलं, की आंबटसर अंगाची हलकी लाल वाइन चालते. इथे मला अकलूजची आठवण होते. तिथल्या मोहिते-पाटलांनी इटालियन भागीदारांबरोबर उभी केलेली फ्रातेल्ली ही वायनरी सांजोव्हेसे नावाचं इटलीतलं द्राक्ष सोलापूर जिल्ह्यात पिकवते. सांजोव्हेसे अंगचीच आंबट, टोमॅटो खाणाऱ्या मुलखात वाढलेली. आमसूल, टोमॅटोचं सार, कैरी घातलेली डाळ यांच्यापुढे ती फिकी पडत नाही. एरवी जेवण आंबट आणि वाइन गुळमट असली, की वाइनची चव पाण्यासारखी होते.

सुक्या मासळीपुढे मात्र लाल वाइनने हात टेकले आहेत. पावसाळ्याची बेगमी म्हणून या दिवसांत बोंबील, जवळा, सुकट घरात येतात, आणि कैरी घातलेली सुकट हा आमच्याकडचा मेमधला राजा. तिच्याबरोबर लाल वाइन घेतली की तोंडात लोखंडासारखी, शिळ्या मासळीची चव रेंगाळते. यात दोष सुकटीचाही नाही आणि आपल्या जिभेचाही नाही. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिलं, की वाइनमधलं लोह आणि मासळीतले स्निग्ध पदार्थ यांच्या भेटीतून हा वास तयार होतो, आणि लाल वाइनमध्ये लोह बहुधा जास्त असतं. सुकटीच्या दिवशी शेनँ ब्लाँसारखी पांढरी वाइन असेल तर बरं, नाहीतर ताक.

आता ही वाइन येते कुठून, ते सांगायला हवं, कारण ती आपल्या दारावरूनच जाते. नाशिकहून कसारा घाट उतरून, शहापूर, पडघा करत जो महामार्ग मुंबईकडे धावतो तो भिवंडीला खेटून जातो. दिंडोरी, निफाड, इगतपुरी, गंगापूर धरणाचा परिसर, सगळा द्राक्षपट्टा आपल्यापासून तीन-चार तासांच्या आत आहे. तिकडे द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी. वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये खुडली जातात, म्हणजे युरोपातल्या हंगामाच्या अगदी उलट. तिकडे वेल थंडीत झोपते, आपल्याकडे ती थंडीत फळ पिकवते. सहाशे मीटर उंचीच्या पठारावरच्या गार रात्री त्या फळातला आंबटपणा टिकवतात, नाहीतर या उन्हात नुसती साखर वाढली असती.

वाइनचं द्राक्ष वेलीवरून तोडून खाल्लंय कधी? बाजारातल्या थॉम्पसनसारखं ते लांबट, कुरकुरीत, बिनबियांचं नसतं. शिराझचा मणी लहान, गोल, निळसर काळा. दाताखाली आधी जाड साल येते, मग बिया, आणि या दोहोंमध्ये चिमूटभर गर, तोही इतका गोड की बोटं चिकट होतात. वाटीभर खाऊन कोणी खूश होणार नाही. पण रंग, तुरटपणा आणि वास सगळा त्या सालीत, म्हणून मणी लहान असण्यातच वाइनचं हित.

या धंद्याची वाट सरळ गेलेली नाही. १९८० च्या दशकात शामराव चौगुल्यांनी नारायणगावला फ्रेंच तंत्राने फेसाळ वाइन करून ती परदेशात पाठवली. राजीव सामंतांची सुला नाशिकला उभी राहिली आणि तिच्या पहिल्या बाटल्या २००० साली आल्या. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, राज्यात बनलेल्या वाइनला उत्पादन शुल्कातून सूट दिली, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले. मग वायनऱ्यांचं पेवच फुटलं. २००८ नंतर मंदीने दणका दिला, माल पडून राहिला, काहींनी वाइनच्या बागा उपटून पुन्हा खायची द्राक्षं लावली. जे टिकले त्यांच्यामुळे आज हजार रुपयांच्या आत, कधी सातशे-आठशेला चांगली लाल वाइन मिळते. महाराष्ट्रात राहण्याचा हा फायदा मी मनापासून मानते, इतर राज्यांत त्याच बाटलीला करापायी बरेच जास्त मोजावे लागतात. चौघांच्या जेवणाला एक बाटली पुरते. दोघांसाठी अर्धी बाटली, म्हणजे ३७५ मिलिलिटरची, मिळाली तर तीच घ्यावी.

दुकानात शिरल्यावर लेबलाआधी बाटली उभी कुठे आहे ते बघा. काचेतून ऊन येतं त्या फळीवरची, धूळ बसलेली बाटली कितीही स्वस्तात मिळाली तरी नको. तीस-पस्तीस अंशांत महिनोन्महिने पडलेली वाइन शिजते, तिला मनुकांचा, मुरंब्याचा वास येतो. बूच वर सरकलेलं किंवा बाटलीच्या गळ्याला ओघळ दिसला तर ती उष्णतेने फुगून गेलेली असते. खप जास्त असलेल्या दुकानात, फिरकीच्या झाकणाची, अलीकडच्या सालाची बाटली घ्यावी. स्वस्त लाल वाइन वर्षं घालून जपायची नसते. घरी आणल्यावर ती ओट्याच्या वरच्या कपाटात तर अजिबात नको, घरातली सगळ्यात तापलेली जागा ती.

हे सगळं लिहिताना मला एका गोष्टीची पूर्ण जाणीव आहे. आपल्या भागात दारूने घरं मोडलेली आहेत. पगाराच्या दिवशी नवऱ्याची वाट पाहत नाक्यावर उभी राहणारी बाई मी लहानपणापासून पाहत आले आहे. २७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांवरच्या सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवू द्यायचा निर्णय घेतला, तेव्हा जो गदारोळ झाला त्यातली भीती मला खोटी वाटली नाही. तो निर्णय पुढे बासनात राहिला. मलाही किराणामालाच्या शेजारी वाइन नको आहे. आणि ‘लाल वाइन हृदयाला चांगली’ हे तर विसरूनच जावं. मद्याचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलं. औषध म्हणून वाइन पिणं ही फसवणूक आहे. चवीसाठी, जेवणाबरोबर, ताट समोर असतानाच, एखादा ग्लास. ज्यांना तेवढ्यावर थांबता येत नाही, ज्यांच्या घरात त्याची झळ लागली आहे, त्यांनी हा लेख भरितापुरताच वाचावा. एकवीस वर्षांखालच्यांना तर कायदाच देत नाही. आमच्या सासूबाई वाइनला हात लावत नाहीत, पण माझ्या ग्लासाकडे त्या वाकड्या नजरेनेही पाहत नाहीत. कारण त्यांनी आयुष्यभर पाहिलेली दारू उपाशीपोटी, अंधारात, घाईने प्यायली जायची. ताटात भाकरी वाढून झाल्यावर, सगळ्यांसमोर, सावकाश घेतलेला एक ग्लास त्यांना निराळा दिसतो.

ग्लासावरून आठवलं. लांब दांड्याचे ग्लास नसले तर काही बिघडत नाही, पण स्टीलचा पेला नको. काचेचा पातळ, पाण्याचा साधा ग्लास घ्या आणि तिसरा हिस्साच भरा. वरच्या रिकाम्या जागेत वास साठतो, आणि थोडी थोडी ओतली की उकाड्यात ती ग्लासात तापतही नाही. उरलेली बाटली पुन्हा फ्रिजमध्ये.

उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये तीन दिवस तरी ठीक राहते. चौथ्या दिवशी ती सपक वाटली तर ओतून देऊ नका. स्पेनमध्ये उन्हाळ्यात साधी लाल वाइन आणि लिंबाचा सोडा निम्मा-निम्मा करून, भरपूर बर्फ घालून पितात. घराघरांत आणि नाक्यानाक्यावरच्या खानावळींत. आपण साधा सोडा, अर्धं लिंबू, चमचाभर साखर घालून तेच करू शकतो, आणि मद्यार्कही निम्म्यावर येतो. त्याच्याबरोबर तव्यावर तेल सोडून परतलेल्या शेवग्याच्या शेंगा आणि उडदाचा भाजलेला पापड. वाइन त्याहूनही कमी उरली असेल तर मटणाला मीठ, आलं-लसूण चोळताना अर्धी वाटी त्यात घाला आणि तासभर ठेवा. मटण शिजताना मद्यार्क बराचसा उडून जातो, थोडा आंबटपणा राहतो, आणि त्या दिवशी आमसूल जरा कमी घालावं लागतं.