ढाबळीतला खोकला

२००९ सालची गोष्ट. आमच्या गल्लीतले सायकल दुरुस्तीच्या दुकानाचे मालक दवाखान्यात आले. त्यांना आपण आबा म्हणू. वय ४५ च्या आसपास. कोरडा खोकला, संध्याकाळी थंडी वाजून ताप, अंग मोडून येणे आणि तीन-चार महिन्यांत पाच किलो वजन कमी. विडी नाही, तंबाखू नाही. थुंकी तीनदा तपासली, जंतू सापडले नाहीत. एक्स-रेमध्ये दोन्ही फुफ्फुसांवर धूसर छाया. आपल्याकडे असे चित्र दिसले की डॉक्टरचा हात आपोआप क्षयाच्या औषधांकडे जातो. माझाही गेला. आबांनी सहा महिने एकही गोळी चुकवली नाही. खोकला मात्र होता तिथेच राहिला.

शेवटी उलगडा केला तो वहिनींनी, तोही सहज बोलता बोलता. "मुलीच्या बाळंतपणाला आम्ही पुण्याला बारा दिवस होतो डॉक्टर, तिथं ह्यांना खोकल्याची एक ढास आली नाही. घरी आलो त्याच रात्री परत हुडहुडी." मी विचारले, "घरी आल्यावर पहिलं काम काय केलंत?" आबा म्हणाले, "ढाबळ झाडली. बारा दिवसांची घाण साठली होती."

आबांच्या माडीवर शर्यतीची साठेक होमर कबुतरे होती. माझ्या दवाखान्याच्या खिडकीतून त्यांचा थवा रोज घिरट्या घालताना दिसे. सहा महिन्यांत मी आबांना घरात कोणाला क्षय होता का, मधुमेह आहे का, दुकानात रंगाचा फवारा मारता का, हे सगळे विचारले होते. कबुतरांचे विचारले नव्हते. ही चूक माझी, आणि ती वाचकांपुढे कबूल केल्याशिवाय पुढचे लिहिण्याचा मला अधिकार नाही.

कबुतराच्या पिसांवर टाल्कम पावडरीसारखी बारीक भुकटी असते. ही भुकटी आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ यांतील प्रथिने श्वासाबरोबर फुफ्फुसाच्या अगदी टोकाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. काही माणसांचे शरीर त्यांना शत्रू समजून लढाई सुरू करते आणि त्या लढाईत फुफ्फुसाचीच नासधूस होते. याचे नाव हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. १९६५ साली अमेरिकेत डॉ. रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कबुतरे पाळणाऱ्यांमधला हा आजार वैद्यकीय नियतकालिकात मांडला, तेव्हापासून तो 'कबूतर पाळणाऱ्याचे फुफ्फुस' याच नावाने ओळखला जातो. हा जंतूंचा आजार नव्हे, एकाचा दुसऱ्याला होत नाही आणि अँटिबायोटिकने बरा होत नाही. ढाबळीत भरपूर धूळ खाल्ली की चार ते आठ तासांनी ताप, थंडी, खोकला, छातीत जखडल्यासारखे होणे सुरू होते आणि एक-दोन दिवसांत आपोआप ओसरते. माणूस म्हणतो, हवा बदलली. असे वर्षानुवर्षे चालले तर फुफ्फुसात व्रण धरतो, ते चिवट होते, आणि मग ते कोणालाच पूर्ववत करता येत नाही.

हा आजार दुर्मीळ आहे असे आम्हाला कॉलेजात शिकवले होते. परंतु २०१७ साली भारतातल्या २७ केंद्रांमधील १,०८४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. फुफ्फुस चिवट होणाऱ्या निरनिराळ्या आजारांचे हे रुग्ण होते, आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्या जणांना हाच आजार निघाला. सगळेच कबुतरांमुळे नव्हेत. महिनोन्महिने न धुतलेले कूलरही त्यात आहेत. कूलरवर पुन्हा कधीतरी लिहीन.

आता ढाबळीत जाऊ. मी आबांची ढाबळ नंतर स्वतः चढून पाहिली, तेव्हा कळले की खरा धोका शर्यतीच्या दिवशी नसून पिल्ले वाढवण्याच्या हंगामात असतो. जोडा जमला की मादी दोन अंडी घालते. नर-मादी आळीपाळीने बसतात, दुपारची पाळी बहुधा नराची. १७-१८ दिवसांनी पिल्लू बाहेर येते. पहिले काही दिवस आई आणि बाप दोघेही गळ्याखालच्या पिशवीत तयार होणारा दह्यासारखा स्राव त्याच्या चोचीत भरवतात. (बापाला दूध येण्याची ही सोय निसर्गाने माणसात का केली नाही, असे वहिनी म्हणाल्या होत्या.) साधारण आठवड्याचे झाले की पायात बंद कडी घालायची, उशीर झाला की पंजा मोठा होतो आणि कडी जात नाही. महिन्याभरात आई-बापापासून तोडायचे. या काळात शौकीन माणूस तासन् तास ढाबळीत असतो. घरटी खरवडतो, पिल्लू छातीशी धरतो, छातीवरची पिसे फुंकून खालचे मांस गुलाबी आहे का पाहतो. फुंकर मारली की भुकटी सरळ त्याच्याच नाकात. आणि गंमत अशी की पिसांवरची भरपूर भुकटी ही पक्षी निरोगी असल्याची खूण मानतात. आबा हातावरची पांढरी भुकटी मला अभिमानाने दाखवत होते.

माझे काही डॉक्टर मित्र एका वाक्यात निकाल देतात: कबुतरे हाकलून द्या. २०२५ च्या पावसाळ्यात मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तेव्हापासून तर हे फार सोपे झाले आहे. ज्याची छाती बिघडली त्याला मीही हेच सांगतो आणि त्यात तडजोड करत नाही. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी चार दिवस बरे वाटते, पण ढाबळ तशीच ठेवून त्या गोळ्या खाणे म्हणजे भोक असलेली ट्यूब पंपाने भरत बसणे. मात्र धडधाकट शौकिनाला पहिल्याच दिवशी 'हाकलून दे' म्हटले, तर तो पुढच्या वेळी डॉक्टरपासून कबुतरेच लपवतो. माझ्या मते नुकसान तिथे होते. कोल्हापूर, सांगली, मिरज भागात हा नाद बापाकडून पोराकडे आलेला आहे. तो एका चिठ्ठीने सुटत नाही. पाळणाऱ्या सर्वांना हा आजार होत नाही, थोड्यांनाच होतो. पण ते थोडे कोण, हे आधी सांगता येत नाही. रक्ताची तपासणी करूनही नाही, कारण ती अनेक निरोगी शौकिनांतही सकारात्मक येते.

म्हणून माझे म्हणणे मधले आहे. ढाबळ झोपायच्या खोलीला लागून नको, जिन्याच्या तोंडाशी नको. दोन्ही बाजूंनी वारा खेळू द्या. कोरडी विष्ठा झाडू नका. आधी पाणी शिंपडा, मग खरवडा. एन-९५ मास्क लावा, तोंडावरचा रुमाल काही कामाचा नाही. ढाबळीचे कपडे आणि टोपी वेगळी, आणि ती घरात आणायची नाही. घरात दम्याचा रुग्ण असेल, किंवा एचआयव्ही, कर्करोगाचे उपचार यांमुळे प्रतिकारशक्ती कमी झालेले कोणी असेल, तर त्यांनी ढाबळीत पाऊलच टाकू नये. विष्ठेतील बुरशीचा त्यांना वेगळा धोका असतो. आणि झाडलोटीला पोरांना लावू नका. बहुतेक घरांत हे काम दहा-बारा वर्षांच्या मुलाकडे असते, कारण तो वाकून आत शिरतो. मुलाचा खोकला तर आपण सर्दी म्हणूनच सोडून देतो.

आणखी एक गाऱ्हाणे. पिल्लाच्या घशात पांढरे चट्टे आले, मान वाकडी झाली की मेडिकलमधून माणसांच्या गोळ्या आणून तुकडे करून चारतात. उरलेले पाकीट घरात राहते आणि पुढे कोणाला ताप आला की तेच पोटात जाते. पक्ष्याला पशुवैद्याकडे न्या. मी पक्ष्यांचा डॉक्टर नाही, आणि तुम्ही दोघांचेही नाही.

आबांनी ढाबळ पुतण्याच्या मळ्यात हलवली. घरातली धूळ निघायला पुढे कित्येक महिने लागले. भिंती, गाद्या, पडदे सगळे धुवावे लागले. खोकला आणि ताप गेला, वजन भरले. गेलेले फुफ्फुस आले नाही. अजून ते एक जिना चढून मध्ये थांबतात. मळ्यात गेले तर बांधावर खुर्ची टाकून बसतात आणि पुतण्याने लांबून हात वर करून दाखवलेले पिल्लू कोणत्या जोड्याचे ते ओळखतात. गेल्या महिन्यात पुतण्याच दवाखान्यात आला होता. ढाबळ झाडली की रात्री अंग कसकसते म्हणाला. त्याला छातीच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी देऊन पाठवले आहे. सीटी स्कॅनचा रिपोर्ट यायचा आहे.